प्रोजेक्ट माझ्याकडे, माणसं दुसऱ्यांची. काम करून कसं घ्यायचं?

प्रश्न:
मी मूळची टेस्टिंगमधली. नुकतीच बिलिंग सिस्टिम बदलण्याच्या प्रोजेक्टची मॅनेजर झाले. टीममधली माणसं डेव्हलपमेंट, फायनान्स आणि सपोर्टमधून घेतलेली, प्रत्येकाचा साहेब वेगळा. डेटा मायग्रेशनची (जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये नेण्याची) चाचणी ठरली होती, पण आदल्या संध्याकाळी डेटाबेसवाल्याला त्याच्या विभागप्रमुखांनी दुसऱ्या कामाला जुंपलं. मला कळलं थेट सकाळी, तो आलाच नाही तेव्हा. गँट चार्ट (कामांचं तारीखवार वेळापत्रक) रोज अपडेट करते, तरी तारखा घसरतायत. कुठे कमी पडतंय?

प्रतिसाद १:
आधी क्रिटिकल पाथ काढा, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी. हे तंत्र १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि आजही तितकंच उपयोगी आहे. मायग्रेशन त्या पाथवर असेल तर तिथला एक दिवस म्हणजे अख्ख्या प्रोजेक्टचा एक दिवस. सगळ्याच माणसांसाठी भांडू नका, या पाथवरच्यांसाठी भांडा.

प्रतिसाद २:
वरचं पटलं, पण मला मूळ दुखणं चार्टमध्ये दिसत नाही. एक सांगा, त्या डेटाबेसवाल्याचं वर्षाअखेरचं अप्रेझल कोण लिहितं? विभागप्रमुख लिहीत असतील आणि बजेटही त्यांच्याच हातात असेल, तर तुम्ही वीक मॅट्रिक्समध्ये आहात, म्हणजे माणसाला साहेब दोन, पण वजन विभागप्रमुखांचं. अशा रचनेत पद मॅनेजरचं असलं तरी काम समन्वयकाचंच असतं. स्ट्राँग मॅट्रिक्समध्ये बजेट बहुतेक प्रोजेक्ट मॅनेजरकडे असतं. प्रोजेक्टाइज्ड रचनेत माणसंही त्याच्याच हाताखाली, पण तिथे प्रोजेक्ट संपला की आता जायचं कुठे ही धास्ती टीमला असते. फंक्शनल रचना, म्हणजे सगळं काम विभागप्रमुखांच्या हाताखालीच चालणारी, वाईट असते असंही नाही. तिथे माणूस आपल्या विषयात पक्का होतो, त्याला शिकवणारे ज्येष्ठ बाजूलाच बसलेले असतात.

त्यामुळे त्या मुलाला बोल लावू नका. दोन साहेबांपैकी ज्याच्या हातात बढती, त्याचंच तो ऐकणार. बोलायचं ते विभागप्रमुखांशी, आणि तेही काम अडण्याच्या आधी. ‘तुमचा माणूस द्या’ एवढंच म्हणू नका. ‘मंगळवार-बुधवार पूर्ण दिवस लागेल, त्याच्याऐवजी चालेल असा दुसरा कोण?’ असं विचारा. ठरलं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका, प्रत स्पॉन्सरला, म्हणजे प्रोजेक्टला पैसा आणि पाठबळ देणाऱ्या वरिष्ठांना.

प्रश्नकर्ती:
अप्रेझल विभागप्रमुखच लिहितात. प्रोजेक्ट चार्टर (प्रोजेक्टला मंजुरी देणारं अधिकृत पत्र) आहे, पण त्यात माझ्या नावापुढे फक्त ‘समन्वय’ लिहिलंय. आता बदलून मिळेल का?

प्रतिसाद २:
मिळेल, मागा. चार्टर स्पॉन्सरच्या सहीने निघतो, तेव्हा दुरुस्तीसाठी त्यांच्याकडेच जा. मोठे अधिकार मागत बसू नका, दोनच वाक्यं घालून घ्या: कोणत्या विभागाचा किती वेळ प्रोजेक्टला बांधलेला आहे, आणि तो काढून घ्यायचा झाल्यास निर्णय कोणाचा. सोबत मायग्रेशनची घसरलेली तारीख आणि त्यामुळे पुढे गेलेली गो-लाइव्हची (नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू होण्याची) तारीख, दोन्ही एका पानावर दाखवा. स्पॉन्सर त्या पानावरूनच निर्णय घेतील.

प्रतिसाद ३:
आणि सही व्हायच्या आधी तिन्ही विभागप्रमुखांना तो मसुदा स्वतः नेऊन दाखवा. वरून आलेलं पत्र बघून माणसं अडून बसतात.