मदत हवी आहे: इस्लिप स्पीडवेचे जुने फोटो कुणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी. बाबा सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला होते. तिथल्या इस्लिप स्पीडवे या मोटार शर्यतींच्या ट्रॅकचं वेड अजून उतरलेलं नाही. ट्रॅक इवलासा, फक्त ०.२ मैलांचा, तरी १९६४ ते १९७१ दरम्यान नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या संघटनेच्या मुख्य मालिकेच्या काही शर्यती तिथे झाल्या! बाबांची लाडकी मात्र इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या मार्गावरची शर्यत. मधल्या फुलीवर गाड्या एकमेकींना आडव्या जायच्या, दर फेरीला पोटात गोळा. (आई कानात कापूस घालून बसायची.) १९८४ मध्ये ट्रॅक बंद पडला.

पुढच्या महिन्यात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तेव्हा तिथे राहिलेल्या कुणाकडे फोटो, स्लाइड, निदान तिकिटाचं अर्धुक आहे का? स्कॅन चालेल. गाडीचा नंबर दिसत असेल तर फारच उत्तम.