लेक सेंदाईला शिकायला चालली आहे : तिथलं रोजचं जगणं कसं असतं?

लोकमान्यनगरची_आई :
नमस्कार मंडळी. आमची धाकटी येत्या ऑक्टोबरात दोन वर्षांसाठी जपानला, सेंदाईला शिकायला जाते आहे. प्रवेश, व्हिसा, शिष्यवृत्ती सगळं पार पडलंय, त्याबद्दल विचारायचं नाहीये. मला रोजचं सांगा. ती जेवेल काय? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. थंडी किती? भूकंपाचं तर मनात आलं तरी झोप उडते. आणि खरं सांगायचं तर एकच विचारायचंय : खोलीत एकटी तापाने पडली, तर शेजारीपाजारी कुणाला कळेल का?

रामबागची_मुक्ता :
काकू, मी 2022च्या ऑक्टोबरात सेंदाईला गेले आणि 2024च्या सप्टेंबरात परत आले. तुमच्यासारखंच माझ्या आईनेही विचारलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कचऱ्याचं सांगते. हसू नका, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आपण इंदूरची माणसं, ओला-सुका वेगळा करायची सवय अंगवळणी पडलेली. मला वाटलं, हे तर मला येतंच. पण तिथे घरगुती कचरा आठवड्यातून दोनदा, प्लॅस्टिक एकदा, बाटल्या-डबे वेगळे, आणि पिशवीसुद्धा महापालिकेची ठरलेली, विकत घ्यायची. मी दुकानातल्या साध्या पिशवीत भरून ठेवला. गाडी आली, सगळ्यांचं उचललं, माझी पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवली. दिवसभर ती एकटी पिशवी रस्त्यावर! संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजी एक तक्ता घेऊन आल्या. ओरडल्या नाहीत. दारात उभं राहून एकेक चित्र बोटाने दाखवत गेल्या. माझं तेव्हाचं जपानी म्हणजे दहा वाक्यं, पण समजलं.

पुढे जानेवारीत मला ताप आला, चार दिवस उठवत नव्हतं. दोन वेळा माझी पिशवी बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी आजींनी घंटी वाजवली. हातात मऊ भात, त्यावर उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. तर काकू, कळतं. आपल्याकडे कळतं तसं नाही, पण कळतं.

दवाखान्याचं : घर मिळाल्यापासून 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, तेव्हाच आरोग्य विम्यातही नाव घालायचं. मग बिलाचे 30 टक्केच आपल्याला भरावे लागतात. फॉर्मवर जन्मसाल त्यांच्या सम्राटाच्या कालगणनेत विचारतात. 2003 म्हणजे हेइसेइ 15. हे आधीच काढून ठेवायला सांगा.

जेवणाचं सगळ्यात अवघड. मांस टाळणं सोपं, मासा टाळणं कठीण. वाळवलेल्या माशाचं पाणी, त्याला दाशी म्हणतात, सूपमध्ये, नूडल्समध्ये, नुसत्या शिजवलेल्या मुळ्यातसुद्धा असतं. "मांस नको" म्हटलं तरी ते येतंच, म्हणून "माशाची दाशीही चालत नाही" हे वाक्य पाठ करून जावं. मी घरीच रांधायचे. तिथला तांदूळ चिकट, मोकळा भात होत नाही. पण गुरगुट्या भाताला त्याच्यासारखा तांदूळ नाही! मेतकूट नेलं होतं, मीठ नसलेलं लोणी आणून तूप कढवायचे. लाल भोपळा इतका गोड की भाजीत गूळ घालायला नको. आणि सेंदाईचं झुंदा-मोची, म्हणजे हिरव्या सोयाबीनच्या गोड वाटणातले चिकट तांदळाचे गोळे, तिला नक्की आवडेल.

थंडी बाहेर सोसते, घरात जास्त लागते. खोली गरम, पण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर गार. भूकंपाच्या आधी मोबाइल जोरात ओरडतो. पहिल्यांदा मी रडले. नंतर टेबलाखाली जायची सवय झाली, वर्गात सरावही करून घेतात.

भाषेला घाबरू नये. हिरागाना, म्हणजे त्यांची साधी अक्षरमाला, आ इ उ ए ओ, मग का सा ता ना अशी आपल्यासारखीच लावलेली. संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे तो क्रम तिकडे रुजला. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाला मागून, म्हणून मराठीतून विचार केला की वाक्य आपोआप बसतं. बाहेर पडताना ते "इत्तेकिमास" म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, तेच.

विजयनगर_ओसाका :
मुक्ताताईंचं वाचून बरं वाटलं, पण माझा अनुभव वेगळा आहे. मी ओसाकात उंच इमारतीत दोन वर्षं राहतोय, शेजाऱ्याचं नावही मला ठाऊक नाही. खोली शोधताना दोन दलालांनी परदेशी म्हटल्यावर सरळ नाही म्हटलं. "सरळ" म्हणजे काय, तर मान तिरकी करून "चोत्तो..." एवढंच म्हणाले. आपल्याकडचं "बघू" असतं ना, तसं. काकू, पहिलं वर्ष तिला विद्यापीठाच्या वसतिगृहातच राहू द्या. आणि अर्धवेळ काम करायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते. आठवड्याला 28 तासांपेक्षा जास्त करू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी. त्यावर व्हिसा अडकतो.

लोकमान्यनगरची_आई :
दोघांचंही वाचून तिच्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आजींचं वाचताना मला पुढे वाचवेना. मुक्ता, कुकर आणि मिक्सर द्यावा का गं?

रामबागची_मुक्ता :
मिक्सर नको काकू, तिथे वीज 100 व्होल्टची, आपला मिक्सर नीट फिरतच नाही. कुकर छोटा द्या, पण भिंती पातळ असतात, शिट्टी सकाळी लवकर नको. मुगाची डाळ तासभर भिजवली की साध्या पातेल्यातही शिजते. फोडणी मात्र खिडकी उघडून, नाहीतर छतावरचा धुराचा अलार्म बोलायला लागतो.

एखाद्या रविवारी तिला घेऊन आमच्याकडे या. आजींनी दिलेला तो तक्ता मी परत आणलाय. अवघड चिनी अक्षरांवर त्यांनी पेन्सिलीने हिरागाना लिहून दिलाय, माझ्यासाठी. तो तिने घेऊन जावा.