समोरचा दात, दाढा आणि पांढरं सिमेंट: तुमचे अनुभव लिहा

शेवंती_फोंडा
काल फातर्प्याच्या जत्रेतलं खाजं दाताखाली घेतलं आणि कट्‌ झालं. गुळाचा खडा असेल म्हणून बाहेर काढला, तर तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा. जीभ आपोआप समोरच्या दाताकडे गेली. माझं दातात भरलेलं सिमेंट. १८ वर्षं टिकलं.

तिसरीत असताना पावसात चिऱ्याच्या पायरीवरून पाय सटकला आणि वरचा समोरचा दात तिरका तुटला. दुखत नाही ना, मग राहू दे, असं घरात ठरलं. दहावी, बारावी, कॉलेजचं गॅदरिंग, सगळ्या फोटोंत मी ओठ मिटून. लग्न ठरल्यावर धाकटी मावशी मला कदंबाच्या बसने बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात घेऊन गेली. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने मला खिडकीपाशी उभं केलं आणि नमुन्याच्या दातांची पट्टी माझ्या दाताला लावून बघत राहिली, रंग ए-टू की त्याहून गडद ए-थ्री. मागून सर आले, म्हणाले, दात ओला आहे तोवर ठरव, सुकला की असतो त्याहून पांढरा दिसतो. मग एकेक थर, निळा उजेड, घासणं, परत घासणं. शेवटी आरसा हातात दिला, तर तुटका कुठला होता तेच मला पटकन सापडेना. मावशी दारात उभी राहून डोळे पुसत होती.

मावशी मागच्या वर्षी गेली. तो तुकडा टाकवत नाहीये.

ज्यांनी दात भरून घेतलेत त्यांनी लिहा ना. भीतीने थांबलेल्यांनीही.

साखळीकर
वाईट वाटलं वाचून. खाजं कुठल्या दुकानाचं गो? आलं नीट जाणवेल असं हल्ली मिळतच नाही.

नाना_पेडणे
माझ्या दाढेत चांदी (जुन्या पद्धतीचं धातूचं मिश्रण) भरलीय, १९८६ ची. सूनबाई म्हणते त्यात पारा असतो, काढून पांढरं भरा. पारा असतो हे खरं, निम्म्याच्या आसपास. पण डॉक्टरांनी बघून सांगितलं, घट्ट बसलीय, कडेने कीड नाही, उगाच उकरू नका. काढताना चांगला दातही थोडा जातो आणि पाऱ्याची वाफही तेव्हाच जास्त सुटते. मी ठेवलीय.

रानफूल
दाढ ठणकली की आजी फेणीत कापूस बुडवून लावायची. "उगी राव" म्हणायची. दाढ राहायची बाजूला, हिरडीच भाजून पांढरी पडायची. त्या दाढेचं शेवटी रूट कॅनाल झालं. पहिल्या काळ्या ठिपक्यालाच गेले असते तर दहा मिनिटांचं काम होतं. आजीवर राग नाही, तिच्याकडे तेवढंच होतं.

शेवंती_फोंडा
@रानफूल आमच्याकडे लवंग. हिरडी मात्र अशीच पोळायची.

मेघा_म्हापसा
लिहितेच, कुणाला तरी उपयोग होईल. खालची दाढ पांढऱ्या सिमेंटने भरली (दवाखान्याचं नाव लिहीत नाही). तोंड बधिर होतं, "चावून बघा, बरं वाटतं?" विचारलं, मी हो म्हटलं. बधिर तोंडाला काय कळणार? घरी आल्यावर घास चावला की कळ मस्तकात. पंधरा दिवस एका बाजूने जेवले, उकडा भातसुद्धा मऊ करून. मला वाटलं दाढ गेली. दुसऱ्या डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला, एक ठिपका गडद उठला, तेवढाच घासला. दोन मिनिटं. रडूच आलं मला. तर बायांनो, बधिरपणा उतरल्यावर उंच लागलं तर लगेच परत जा, लाजू नका.

बांबोळी_इंटर्न
मेघाताईंचं अगदी बरोबर. थंड लागल्यावर थोडे दिवस सणक येणं चालतं, पण चावताना दुखत असेल तर दाखवायचंच.

कॅज्युअल्टीच्या मध्ये लिहितेय म्हणून तुटक. हे सिमेंट नाही खरं तर, रेझिन आहे, म्हणजे प्लास्टिकसारखं, त्यात काचेची बारीक पूड. दाताला चिकटतं कारण आधी फॉस्फोरिक ॲसिडची जेल लावून एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, सूक्ष्म खरखरीत करतात. पत्र्याला रंग धरावा म्हणून कारखान्यांत हेच ॲसिड वापरायचे, त्यावरून बुओनोकोर या दातांच्या डॉक्टरांना सुचलं, १९५५ साली. पण तिथे थुंकीचा थेंब लागला की पकड गेली. म्हणून रबराची शीट लावली तर कंटाळू नका, ती तुमच्यासाठीच असते. आणि थर दोन मिलिमीटरच्या आसपासच, कारण ते कडक करणारा निळा उजेड त्याहून खोल नीट पोचत नाही. वरून कडक आणि आत कच्चं राहिलं तर काही उपयोग नाही.

नाना_पेडणे
बरं समजावलंस पोरी. जेवून घे आधी.

फुटबॉलवाला_काणकोण
आमच्या पोराचा दात मॅचमध्ये फुटला. सरांनी चिखलातून तुकडा शोधला आणि शेजारच्या घरातून वाटीभर दूध आणून त्यात टाकला. डॉक्टरांनी तोच तुकडा चिकटवला! अख्ख्या टीमला आता माहीत आहे, तुकडा सुकू द्यायचा नाही.

साखळीकर
खरंच? शेवंतीबाय, तुमचापण चिकटेल मग.

बांबोळी_इंटर्न
खऱ्या दाताचा असेल तर चिकटतो. ताईंचा जुन्या रेझिनचा आहे, तिथे नवीनच भरतील. उरलेलं घट्ट असेल तर सगळं काढतही नाहीत, वरच जोडतात. ताई, दात पांढरे करून घ्यायचे असतील तर भरण्याआधी करा. ब्लीचने दात उजळतो, भरलेला भाग आहे त्याच रंगाचा राहतो.

मेघा_म्हापसा
हे माझ्या वहिनीला कुणी सांगितलं असतं तर!! लग्नाच्या अल्बममध्ये एक दात वेगळा.

शेवंती_फोंडा
आज जाऊन आले. उरलेलं घट्ट आहे, टोकच जोडलं. यावेळी ए-थ्री, इतक्या वर्षांच्या चहाने माझे दातच बदललेत. मीच डॉक्टरांना म्हटलं, खिडकीपाशी बघूया का. तुकडा मावशीच्या कुंकवाच्या डबीत ठेवलाय.

@साखळीकर दुकान नाही हो, देवळाच्या वाटेवर एक म्हातारी टोपली घेऊन बसते तिचं. आलं भरपूर.

रानफूल
डॉक्टरांचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करशील? मुलीची दाढ दाखवायची आहे, यावेळी थांबायचं नाहीये.

शेवंती_फोंडा
केलाय गं.