शब्दचर्चा: ‘विकर’, ‘पूरक’ आणि मोठ्या-लहान अक्षरांचा घोळ

अनुस्वार:
यीस्टमध्ये मेदाम्लं कशी तयार होतात यावरचा एक लेख मराठीत आणतोय आणि तीन ठिकाणी अडलोय. ‘फॅटी ॲसिड सिंथेज’ला ‘मेदाम्ल संश्लेषक विकर’ केलं, पण ते घशाखाली उतरत नाही. दुसरं, ‘कॉम्प्लिमेंटेशन टेस्ट’. तिसरं, जनुकांची नावं. रोमन लिपीत मोठी अक्षरं म्हणजे धडधाकट जनुक, लहान अक्षरं म्हणजे बिघडलेलं. ‘फॅटी ॲसिड सिंथेज’च्या आद्याक्षरांवरून आलेली FAS1 आणि fas1, देवनागरीत दोन्ही ‘फास१’च. वाचकाला गळ्यातला फास आठवेल ते निराळंच.

वेलांटी:
‘विकर’ शाळेच्या पुस्तकांमुळे रुळलाय, राहू द्या. तसं ‘एंझाइम’ही चालेल. यीस्टच्या लेखात तर तो शोभेलच. ग्रीक मुळातला अर्थच ‘खमिरातलं’.

खरी अडचण वचनाची आहे. हे एक विकर की अनेक? यीस्टमध्ये फास१ जनुकापासून बीटा आणि फास२ पासून अल्फा हे प्रथिन बनतं. प्रत्येकी सहा मिळून बारा तुकड्यांचा पिंपासारखा डोलारा उभा राहतो, वजन सुमारे २६ लाख डाल्टन. मेदाम्लाची वाढती कार्बन-साखळी अल्फाच्या एका लवचिक हातावर टांगलेली असते. तो हात ती आतल्या आत एका केंद्राकडून, म्हणजे क्रिया घडते त्या जागेकडून, दुसऱ्याकडे नेतो आणि दर फेरीला साखळीत दोन कार्बन वाढतात. ई. कोलायसारख्या जीवाणूंत हीच कामं सुटी सुटी प्रथिनं करतात. तिथे ‘विकरं’ म्हणा, यीस्टला ‘विकर-संकुल’.

अनुस्वार:
संकुल म्हटलं की मला वाहनतळ दिसतो. पण घेतो.

रफार:
कॉम्प्लिमेंटेशनला ‘पूरक चाचणी’ करू नका. डीएनएच्या दोन धाग्यांसाठी ‘पूरक’ आधीच वापरात आहे, एकाच लेखात दोन्ही आले की वाचक गोंधळेल. मी ‘भरपाई चाचणी’ म्हणेन. मेदाम्ल घातल्याशिवाय वाढत नाहीत असे दोन एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेले) वाण घ्यायचे, त्यांचा संकर करायचा आणि द्विगुणित पेशी मेदाम्ल नसलेल्या बशीत पसरायच्या. वसाहती उगवल्या तर एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली, म्हणजे दोष वेगवेगळ्या जनुकांत. बशी कोरी राहिली तर बहुधा एकाच जनुकात. अशा चाचण्यांतूनच या वाणांचे दोन गट पडले, फास१ आणि फास२.

‘बहुधा’ मुद्दाम लिहिलंय. एकाच प्रथिनात अनेक कामं असल्यामुळे एकाच जनुकातले दोन वेगळे दोषही कधी कधी एकमेकांना सावरून घेतात. वेलांटी, तुमच्या एक-की-अनेक प्रश्नाचं हे जनुकशास्त्रातलं रूप.

अक्षरांसाठी ‘मूळ फास१’ आणि ‘सदोष फास१’ पुरेल. प्रथिनाचं नाव आलं तर ‘फास१ प्रथिन’. फासच डाचत असेल तर सरळ ‘एफएएस१’ लिहा.

वेलांटी:
‘सदोष’ला माझी हरकत आहे. मोठी अक्षरं धडधाकटपणाची नव्हेत, प्रभावीपणाची, म्हणजे जोडीतल्या दुसऱ्या प्रतीला झाकून आपला परिणाम दाखवण्याची. लहान अक्षरं अप्रभावीची. बहुतेक वेळा दोन्हींचा अर्थ जुळतो, म्हणून आपण फसतो. सेरुलेनिन हे बुरशीजन्य द्रव्य अल्फा प्रथिनातल्या साखळी वाढवणाऱ्या केंद्रालाच चिकटतं आणि काम बंद पाडतं. फास२ मध्ये एक बदल असा आहे की तो झालेलं यीस्ट सेरुलेनिनला दाद देत नाही, आणि तो बदल प्रभावी आहे. म्हणजे उत्परिवर्तित असूनही मोठ्या अक्षरांत! जपानी साकेसाठी असेच वाण निवडतात, कारण त्यांच्यात कॅप्रोइक आम्ल जास्त बनतं आणि त्याच्या एस्टरमुळे (आम्ल आणि अल्कोहोल मिळून बनणारं संयुग) पेयाला फळांसारखा वास येतो. याला सदोष कोण म्हणेल?

अनुस्वार:
पटलं. मग ‘अप्रभावी फास१’ आणि ‘प्रभावी फास२’ असंच लिहितो, पहिल्या उल्लेखाला एका ओळीचा खुलासा देतो. ‘भरपाई’ पक्कं. जुन्या लेखांत ‘सिंथेटेज’ दिसतंय, ते?

रफार:
तेच विकर, जुनं नाव. तुम्ही ‘सिंथेज’वरच राहा.