वर्धनीय: नेमकं वाढतं काय?

खडूपूड:
मुलांसाठीच्या एका विज्ञान पुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि एकाच वाक्यावर दोन दिवस अडकलेय. शिसं ठोकून सहज पातळ करता येतं, पण तार ओढायला गेलं की तुटतं, असा मूळ मजकूर. शाळेत शिकले तसं लिहिलं, 'शिसे वर्धनीय आहे, मात्र फारसे तन्य नाही.' संपादकांचा शेरा आला: 'वर्धनीय म्हणजे वाढणारे ना? शिसे कसे वाढेल? आणि वाढते, तर ताणले का जात नाही?' दहा-बारा वर्षांच्या मुलाला कळेल असा दुसरा शब्द आहे का?

आडवातिडवा:
संपादकांचं काय चुकलं? ठोकून ठोकून आकारमान तेवढंच राहतं. लांबी-रुंदी वाढते ती जाडीच्या जिवावर. याला वर्धन म्हणायचं, तर चादर झटकून पसरली की तीही वाढली म्हणा. 'प्रसरणीय' करा.

तीनतेरा:
नको हो! प्रसरण तापवल्यावर होतं. मुलं आधीच 'रुळांमध्ये फट का ठेवतात' पाठ करून बसलेली असतात.

ऐरण:
धातुकामात उभी हयात गेली, पण वर्धनीय हा शब्द कामावर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. 'याचा पत्रा निघेल', 'याची तार निघेल', 'बीड आहे ते, ठोकू नको, तडकेल', एवढ्यावर सगळं चालायचं.

शिकाऊ असताना आम्हाला हे शिशाचं करून दाखवलं होतं. बोटाएवढा तुकडा ऐरणीवर ठेवून ठोकला. आवाज बद्द, पण कडा कुठे चिरली नाही, निमूट पसरत गेला. मग त्याचीच पट्टी कापून, टोक तासून, तार ओढायच्या भोकातून घातली आणि पकडीने खेचली. वीतभरही आली नाही. भोकातून बाहेर आल्या आल्या तिची मान बारीक झाली आणि पकडीतलं टोक तेवढं हातात राहिलं. ठोकताना धातू दाबला जातो. ओढताना मात्र बाहेर आलेल्या बारीक भागालाच सगळा ताण सोसावा लागतो, आणि शिशात तेवढा दम नाही.

खडूपूड:
पण शिशाची तार मिळते की!

ऐरण:
मिळते. ती ओढलेली नसते, मागून रेटून काढलेली असते. टूथपेस्ट काढतो तशी.

जळाऊ लाकूड:
मग सरळ 'पिटाऊ' आणि 'ओढाऊ' म्हणा ना! टिकाऊ, विकाऊ चालतात, मग हे का नाही? प्रत्येक गुणधर्माला संस्कृतची वस्त्रं नेसवायची हौस आपल्याला.

शुद्धोदक:
कमाऊ म्हणजे जो कमावतो तो. त्या न्यायाने पिटाऊ म्हणजे जो पिटतो तो. शिसं कुणाला पिटणार आहे? परिभाषा घडवायला धातूंचं ज्ञान लागतं, म्हणजे व्याकरणातल्या धातूंचं. 'तन्' म्हणजे ताणणे. त्यातून तंतू, तान, तनू, तन्य. एका धातूतून एवढी तार निघते, याहून सुंदर तन्यता कोणती?

जळाऊ लाकूड:
माझ्या नावाकडे बघा. जळाऊ लाकूड कुणाला जाळत नाही, जाळलं जातं. प्रत्यय दोन्ही बाजूंनी चालतो. बाकी 'तन्' आवडला.

आडवातिडवा:
पानावरून आठवलं, म्हणजे कुणी पान म्हटलेलं नाही, पण मला आठवलं. पत्रा आला 'पत्र'वरून, म्हणजे पान. वर्ख आला अरबीतून, तिथेही त्याचा अर्थ पानच. ठोकलेल्या धातूत दोन वेगळ्या भाषांना पान दिसलं. वाढलेलं कुणालाच दिसलं नाही. 'पर्णीय' कसा वाटतो?

तीनतेरा:
झाडावर चढवा आता शिशाला.

तन्य मला पटतो, कारण त्यात ताण ऐकू येतो. सोन्याचं उदाहरण सगळ्यांनी वाचलेलं असतं, १ ग्रॅमची सुमारे २ किलोमीटर तार. घनता १९.३ धरून हिशेब केला, तर तारेचा व्यास ६ मायक्रोमीटरच्याही आत येतो. डोक्यावरचा केस याच्या दहापट जाड. मला खुपतो तो 'नादमयता'. धातू नादमय नसतो, तो मुकाट पडलेला असतो. मारल्यावर वाजतो. त्याला 'खणखणीतपणा' का नाही म्हणत?

ऐरण:
मग शिशाला काय म्हणाल? तेही धातूच, पण वाजतं बद्द.

शुद्धोदक:
'नादक्षमता' योग्य. खणखणीत हे विशेषण नाण्याला आणि शिवीला लावतात.

निमित्तमात्र:
उशिरा आले, पण जस्ताचं कुणीच बोललं नाही. ओतीव जस्त एरवी ठोकलं तर तडकतं. १०० ते १५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तेच ठोकून पसरवता येतं. आणखी बरंच तापवलं की परत ठिसूळ. मग जस्त वर्धनीय की अवर्धनीय? आणि हिरा! सर्वांत कठीण म्हणून गाजलेला, पण हातोडीखाली फुटतो. खरा हिरा ऐरणीवर घण सोसतो, ही जुनी समजूत किती हिऱ्यांच्या मुळावर आली असेल कोण जाणे. कठीण आणि चिवट यांत आपण फार गल्लत करतो.

जळाऊ लाकूड:
हे मान्य. आता विषय निघालाच आहे तर धातू आणि अधातू यांच्या मधल्या मूलद्रव्यांना लावलेला 'धातुसदृश' हा शब्द कुणाला पटतो? सिलिकॉन चकाकतो धातूसारखा आणि फुटतो काचेसारखा. धातू तापवला की त्यातून वीज वाहणं अवघड होतं, शुद्ध सिलिकॉन तापवला की सोपं होतं. सदृश म्हणे!

शुद्धोदक:
सदृश म्हणजे दिसायला सारखा. चोख शब्द आहे.

निमित्तमात्र:
मग आयोडीनचे स्फटिकही चकाकतात, ग्रॅफाइटही चकाकतं आणि वर वीजही वाहून नेतं. त्यांना का नाही धातुसदृश म्हणत?

आडवातिडवा:
उपधातू म्हणा, हिंदीत तेच आहे.

शुद्धोदक:
आयुर्वेदात स्तन्य हा रसधातूचा उपधातू आहे. सिलिकॉनला त्या पंगतीत बसवणार?

तीनतेरा:
अर्धधातू?

निमित्तमात्र:
तो पदार्थविज्ञानवाल्यांना सेमीमेटलसाठी लागतो. त्यात बिस्मथ येतो आणि तेच तुमचं ग्रॅफाइटही येतं. गुंता वाढेल.

खडूपूड:
मंडळी, माझं शिसं राहिलं बाजूला. शेवटी ऐरणकाकांचं ऐकून लिहिलं, 'शिशाचा पत्रा निघतो, पण ओढून तार निघत नाही.' आत्ताच शेरा आलाय: 'निघतो म्हणजे कुठून?'

जळाऊ लाकूड:
पिटाऊ लिहा. सांगतोय ना.