जुन्या गाडीला टाटा करताना... तुमचे अनुभव लिहा

दिवाळीची साफसफाई काढली आणि बाबांच्या कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात रबरबँड, मेलेले सेल आणि टेस्टरच्या खाली एक काळ्या मुठीची किल्ली सापडली. आमच्या मारुती ८०० ची डुप्लिकेट! म्हणजे विकताना द्यायची राहूनच गेली की.
९८ ची, पांढरी, एमएच १२. अख्ख्या घराण्यातली पहिली चारचाकी त्यामुळे आमची कमी आणि काका-आत्यांची जास्त. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, त्यात आम्ही सहा जण आणि येताना आंब्याची पेटी, असं गणपतीपुळे केलंय. बाबा दर वेळी पेट्रोल भरलं की डायरीत किलोमीटर लिहायचे आणि पुसायला त्यांचंच जुनं बनियन, दुसरं फडकं चालायचं नाही.
२०१३ ला १५ वर्षं झाली, परत पासिंग करा, आणि बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पण तेव्हाच, म्हणून विकली. शिरूरकडचं जोडपं आलेलं, कडेवर पोरगं. त्या बाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आईने डिकीत नारळ आणि तांदळाची पुडी ठेवली, का ते तिलाच माहीत. बाबा खाली आलेच नाहीत, गॅलरीतून ओरडले, "चोक अर्धाच ओढा, पूर्ण नाही!" गाडी कोपऱ्यावर इंडिकेटर न देता वळली. बाबा म्हणाले, "बघ, हा असा चालवणार." मग दोन दिवस नीट जेवले नाहीत.
तुमच्याकडे काय झालं? लिहा.

*

फियाट!! म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याला बनलेली आणि कुर्ल्यालाच राहणारी. स्टिअरिंगवरचा गिअर आणि पुढची सोफ्यासारखी सलग सीट, मी आईबाबांच्या मध्ये. बोरघाटात इंजिन तापलं की बाजूला घ्यायची, पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकायचं (गाडीतल्या पंपावर, हल्लीच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं), तोवर पोरांनी लिमलेटच्या गोळ्या खायच्या. शिंगरोबाला नाणं टाकल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली त्याची बातमी आजोबांना वाचून दाखवली तर म्हणाले, आपली कधीच गेली, आता शेजाऱ्यांचीपण गेली.

*

शिंगरोबा +१
आम्ही नाणं फेकायचो ते एकदा मागच्या स्कूटरवाल्याच्या हेल्मेटवर. नवस त्यालाच फळला असेल

*

रडवलंत सकाळी सकाळी. चोक अर्धाच ओढा 😭

*

आमची ओम्नी गेल्या वर्षी स्क्रॅपला दिली. सगळं आवरलं, सीटखाली काय काय निघालं, लेकीचं दुधाच्या दाताचं डबडं (रिकामं), २००९ चं टोलचं तिकीट, एक पैंजण जे हरवलं म्हणून मी कामवालीवर संशय घेतला होता, अजून लाज वाटते. टोचन लावायला आलेला मुलगा म्हणाला ताई देव काढून घ्या. डॅशबोर्डवरचा गणपती! डबल टेपने असा बसलेला की निघेना. मी सुरी, खोबरेल तेल, हेअर ड्रायर, सगळं करून झालं. तो पोरगा अर्धा तास काही न बोलता उन्हात उभा. निघाला शेवटी, खाली प्लास्टिकचा मूळ रंग होता तेवढा चौकोन, बाकी सगळं पांढरं पडलेलं. देव आता फ्रिजवर आहे.

*

सॉरी मध्येच विचारतेय, १५ वर्षं झाल्यावर गाडी ठेवायचीच असेल तर काय करावं लागतं? सासऱ्यांची आल्टो आहे, ते ऐकत नाहीत

*

@आल्टो, खासगी गाडीचं आरसी रिन्यू होतं, ५ वर्षांसाठी. आरटीओत गाडी दाखवावी लागते, विमा आणि पीयूसी चालू पाहिजे, वर ग्रीन टॅक्स. आणि विकलीत तर फॉर्म २९, ३० वर सह्या करून सोडून देऊ नका, नाव बदललं का ते बघा. आम्ही नाही बघितलं. गाडी जाऊन दोन वर्षं झाली आणि माझ्या मोबाईलवर चलान. सिग्नल तोडला. उघडून बघतो तर फोटोत आमचीच सँट्रो, मागच्या काचेवर मुलाने चिकटवलेला डायनासोर तसाच! बायकोला दाखवला, ती म्हणाली अगं बाई, धुतलेली दिसतेय. दंड मीच भरला शेवटी, पण फोटो सेव्ह करून ठेवलाय.

*

धुतलेली दिसतेय 😂😂 बायको जिंकली

*

न्यू जर्सीहून. इथे जुनी कोरोला रेडिओ स्टेशनला दान दिली, खरंच घेतात. टो ट्रक आला, पाच मिनिटांत साखळी लावून गेला, कोणी हळदकुंकू नाही काही नाही. लेकीला हॉस्पिटलमधून त्याच गाडीत आणलेलं, ताशी वीस मैलाने, मागचे सगळे हॉर्न मारत होते. ड्राइव्हवेवर ऑइलचा डाग आहे अजून, नवीन गाडी मी त्याच्यावर लावत नाही जरा बाजूला लावतो.

*

लूना चालेल का? धाग्यात चारचाकी लिहिलेलं नाही म्हणून विचारते. आजोबांची, चढावर पेडल मारायला लागायचं, म्हणजे गाडी आपल्यालाच चालवायची. भंगारवाल्याने वजनावर घेतली आणि त्या पैशांची जिलबी आणली. सगळ्यांनी खाल्ली, आजोबांनी नाही.

*

जिलबीचं वाचून भूक लागली. कुठल्या गावात?

*

सांगली. आता ते दुकान नाही

*

धागाकर्ती परत आलेय. ओम्नीताई, फ्रिजवरच्या गणपतीला नमस्कार सांगा. बाबांना किल्ली दाखवली आत्ता. चष्मा लावून उलटसुलट करून बघितली. मी म्हटलं टाकून देऊ का, तर म्हणे, "टाकतेस काय, गंज चढलाय तो जरा पॉलिश पेपरने काढ. उद्या तो शिरूरवाला मागायला आला तर?"

*

आल्टोचं कळलं, धन्यवाद! सासऱ्यांना आत्ताच नाही सांगत, हरभऱ्याच्या झाडावर चढतील. कुकर झाला, पळते.