परसातली भेंडी आणि गणपतीचा स्टॉल
(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या ईमेल लिस्टवरची पत्रं)

विषय: बागेतल्या जास्तीच्या भाज्या – गणपतीत स्टॉल लावूया का?
पार्सिपनीहून

नमस्कार मंडळी,

ऑगस्ट अर्धा झाला की आपल्याकडे भाज्यांचा पूर येतो. भेंडी एक दिवस तोडायची राहिली तरी जून होते, दोडक्याचा वेल कुंपण ओलांडून पलीकडे गेलाय, आणि मिरच्या तर ऑफिसात वाटूनही संपत नाहीत. इतकी चांगली भाजी कंपोस्टमध्ये जाताना बघून जीव तुटतो. मे महिन्यात थंडी जाण्याची वाट बघत, हरणांपासून रोपं राखत आपण ती वाढवलेली असते.

म्हणून एक सुचवतो. गणपतीच्या दोन दिवसांत हॉलच्या दारात एक स्टॉल लावूया. ताजी भाजी, ठेचा, भेंडीचं आणि काकडीचं लोणचं, टोमॅटोची चटणी, ज्यांच्याकडे अंजिराचं झाड आहे त्यांच्याकडून जॅम. येतील ते पैसे मराठी शाळेच्या पुस्तकांसाठी. काचेच्या बरण्या मी आणतो. आईला विचारलं तर ती म्हणाली, वर बोटभर तेलाचा थर राहू दे, वर्षभर काही होत नाही.

कोण कोण काय देऊ शकेल? आणि परवानगी लागते का, हे कुणाला ठाऊक आहे का?

---

विषय: पुन: बागेतल्या जास्तीच्या भाज्या
एडिसनच्या काकूंकडून

प्रिय पार्सिपनीकर,

कल्पना फार चांगली आहे आणि स्टॉलवर उभी राहायला मी येईन. पण ठेचा आणि भेंडीचं लोणचं यादीतून आत्ताच काढून टाक. मी नोकरीची बरीच वर्षं अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते. सगळ्यांनी वाचावं.

तुझ्या आईचं म्हणणं कैरीच्या लोणच्याबाबत खरं आहे. तिथे लोणचं टिकवते ती कैरी आणि तिच्याबरोबर मीठ. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. कैरीचा पीएच ३ च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, लिंबाचा आणखी कमी. इतक्या आंबटपणात घातक जंतू वाढत नाहीत. तेलाचं काम वरची बुरशी रोखण्याचं, कारण बुरशीला हवा लागते. भेंडीचा पीएच साडेपाचाच्या वर असतो. काकडी, वांगी, लसूण त्याच्याच आगेमागे, मिरचीही पाचाच्या आसपास. ही भाजी मिठात कालवून वर तेल ओतलं की आत हवा राहत नाही आणि आंबटपणाही नसतो. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूला नेमकं हेच हवं असतं. तो मातीत सगळीकडे असतो, म्हणजे आपल्या वाफ्यातही. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. पीएच ४.६ च्या वर असेल आणि हवा नसेल तर ते रुजतात आणि जे विष तयार करतात, त्याला ना वास असतो ना रंग. बरणी उघडून हुंगून काही कळत नाही.

२०१५ च्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या लँकेस्टर गावी एका चर्चच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने घरून पदार्थ आणायचं जेवण) २९ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा झाली, एक बाई दगावली. बटाट्याच्या सॅलडमधले बटाटे घरी बरण्यांत भरलेले होते. ते प्रेशर कॅनरमध्ये (बरण्या वाफेच्या दाबाखाली उकळत्या पाण्याहून जास्त तापवणारं भांडं) करायला हवे होते, केले होते नुसत्या उकळत्या पाण्यात. आपलं मंडळही पॉटलकवरच चालतं, म्हणून हे सांगते.

आता ठेचा. लसूण, मिरची, मीठ, वर तेल. १९८५ मध्ये व्हँकूवरच्या एका रेस्टॉरंटात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना हाच आजार झाला. पुढे १९८९ साली इथल्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) बाजारात विकायच्या तेलातल्या लसणात आम्ल घालणं सक्तीचं केलं. घरचा ठेचा फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. जास्त झाला तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा आणि एकेक वडी काढा. चव जराही जात नाही. पण हॉलच्या टेबलावर दिवसभर ठेवून तो विकायचा नाही.

टोमॅटोबद्दल गैरसमज फार. तो ४.६ च्या काठावर असतो, जातीनुसार आणि पिकण्यानुसार थोडा खाली, थोडा वर. म्हणून बरणीत भरताना दर क्वार्टला (साधारण एक लिटरला) दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक अॅसिड घालायचं. ताजं लिंबू पिळलेलं चालत नाही, कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा असतो. अंजिराचंही तसंच, जॅममध्ये लिंबू घालायलाच हवं.

आता विक्री. न्यू जर्सीने घरी बनवलेले पदार्थ विकायला परवानगी दिली ती थेट २०२१ च्या ऑक्टोबरात. परवान्याला १०० डॉलर, तो दोन वर्षं चालतो, वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत विक्री. त्याआधी अन्नसुरक्षेची परीक्षा द्यावी लागते. पदार्थ राज्याबाहेर विकता येत नाहीत. लेबलवर घटक, अॅलर्जीची सूचना आणि हे घरच्या, तपासणी न झालेल्या स्वयंपाकघरात बनवलंय असं स्पष्ट लिहावं लागतं. फळांचा जॅम, सुकवलेली फळं, वाळवलेला पाला, कोरडे मसाले यादीत आहेत. लोणचं नाही. म्हणजे जॅम चालेल, पण लोणचं नको.

---

विषय: पुन: पुन: बागेतल्या जास्तीच्या भाज्या
प्रिन्स्टन जंक्शनहून

काकू, नमस्कार.

तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहेच. पण आमच्या आजीकडे सांगलीला मिरचीचं लोणचं, लसणाचं लोणचं चिनी मातीच्या बरणीत वर्षभर असायचं. कुणाला काही झाल्याचं ऐकलं नाही. मग त्यात काय वेगळं होतं?

---

विषय: पुन: पुन: बागेतल्या जास्तीच्या भाज्या
एडिसनच्या काकूंकडून

दादा, प्रश्न रास्त आहे.

एक म्हणजे त्या लोणच्यात लिंबाचा रस भरपूर असायचा. मिरचीच्या लोणच्याला लिंबं पिळायचीच, ती चवीसाठी म्हणून नव्हे. दुसरं म्हणजे मीठ. आजी मीठ हात राखून घालत नसत. मिठाचं प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की हा जंतू वाढू शकत नाही. आपण काय करतो? ब्लडप्रेशरच्या भीतीनं मीठ निम्मं करतो, लिंबाऐवजी थोडंसं व्हिनेगर शिंपडतो, आणि तेल मात्र आजीइतकंच ओततो. पाककृती तीच वाटते, पण तिला तारणाऱ्या दोन्ही गोष्टी निघून गेलेल्या असतात. मीठ कमी करायचं असेल तर जरूर करा, मग ते लोणचं फ्रिजमध्येच ठेवायचं आणि थोडंच करायचं.

घरी खायला भेंडीचं लोणचं करायचंच असेल तर अमेरिकन कृषी खात्याची तपासलेली पद्धत वापरा: सव्वातीन किलोच्या आत-बाहेर कोवळ्या भेंडीला सहा कप पाणी, सहा कप ५ टक्क्यांचं व्हिनेगर, दोन-तृतीयांश कप आयोडीन नसलेलं मीठ, आठ-नऊ लसूणपाकळ्या. नेमकं सांगायचं तर भेंडी सात पौंड. पाइंटच्या (साधारण अर्ध्या लिटरच्या) बरण्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. सुकी बडीशेप, मोहरी, मेथी आवडीप्रमाणे बदला, पण व्हिनेगर आणि पाण्याचं प्रमाण बदलायचं नाही. आंबट लागलं तर वाढताना साखर घाला.

---

विषय: पुन: पुन: बागेतल्या जास्तीच्या भाज्या
डॅलसहून, आपला जुना सभासद

मंडळी, न्यू जर्सी सोडून टेक्सासला आलो तरी लिस्ट अजून वाचतो.

इथलं चित्र वेगळं आहे, म्हणून लिहितो. टेक्सासमध्ये २०१९ पासून घरी केलेलं भाज्यांचं लोणचं विकता येतं, पण पीएच ४.६ किंवा खाली असला पाहिजे आणि पाककृती मान्य ठिकाणची किंवा तपासलेली हवी. २०२५ च्या सप्टेंबरात विक्रीची मर्यादा वर्षाला दीड लाख डॉलर झाली. म्हणून इथल्या मित्रांचं बघून कुणी तिकडे तसंच सुरू करू नये. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, आणि एका राज्यात चाललेली बरणी दुसऱ्या राज्यात बेकायदा ठरू शकते. विशेषतः जे फिलाडेल्फियाच्या किंवा न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाला माल नेतात त्यांनी लक्ष द्यावं.

इथे जुलैत टोमॅटोला फळ धरणं बंद होतं, एवढी उष्णता. तुमच्या ऑगस्टच्या टोमॅटोची फार आठवण येते.

---

विषय: वाळवणं आणि फ्रीझर
जर्सी सिटीहून

सगळ्यांना नमस्कार. विकण्याचं बाजूला ठेवून, घरी टिकवण्याबद्दल थोडं.

वाळवण इथे उन्हात होत नाही, हे नव्यानं आलेल्यांना सांगावंसं वाटतं. विदर्भातलं वैशाखातलं कोरडं ऊन आणि जर्सीचा दमट ऑगस्ट यांची तुलनाच नको. हवेत साठ टक्क्यांवर ओलावा असला की काप आतून ओले राहतात आणि दोन दिवसांत बुरशी धरतात. डीहायड्रेटर (भाजी वाळवायचं विजेचं यंत्र) घ्या, भाजीला १४० फॅरनहाइट ठेवा, म्हणजे ६० सेल्सियस. कारल्याच्या काचऱ्या सुरेख होतात. सांडगी मिरच्याही होतात: धणे, मेथी, हिंग, मीठ भरून ताकात रात्रभर फ्रिजमध्ये, मग डीहायड्रेटरमध्ये अगदी कडकडीत होईपर्यंत. त्या तळताना माझ्या मुलांना सुद्धा राहवत नाही, आणि इथे वाढलेल्या मुलांनी सांडगी मिरचीसाठी स्वयंपाकघरात यावं याचा मला फार आनंद आहे.

भेंडी गोठवताना देठ काढा, पण बियांचा कप्पा उघडू देऊ नका, नाहीतर सगळा चिकटा पाण्यात येतो. लहान भेंडी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, मोठी चार, लगेच बर्फाच्या पाण्यात. कोरडी करून ट्रेवर सुटी गोठवा, मग पिशवीत भरा. उकळत्या पाण्याचा टप्पा गाळला तर डिसेंबरपर्यंत रंग आणि चव दोन्ही जातात. मिरच्यांना मात्र याची गरज नाही, धुऊन, पुसून तशाच भरा. टोमॅटोही अख्खे गोठवता येतात, पाण्याखाली धरले की साल आपोआप सुटते, आणि आमटीला किंवा साराला ते बाजारच्या डब्यापेक्षा कितीतरी चांगले.

मेथी दोन मिनिटं उकळून, पिळून, मुठीएवढे गोळे करून ठेवा. कोथिंबिरीचं इथे जुलैतच फुलून जाणं चालू होतं, तिची वाट बघू नका, सप्टेंबरात पुन्हा पेरा.

---

विषय: पुन: स्टॉल – ताज्या भाजीचं काय?
एडिसनच्या काकूंकडून

जर्सी सिटीच्या ताईंनी लिहिलेलं सगळं छापून फ्रिजवर लावावं असं आहे.

ताज्या भाजीबद्दल लिहायचं राहिलं होतं. अख्खी, न चिरलेली भाजी विकायला सर्वांत सोपी, आणि मला विचाराल तर स्टॉलवर तीच असावी. भारतीय दुकानात प्रवास करून आलेली गवार आणि सकाळी वेलावरून काढलेली गवार यांत फरक काय, हे आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. पण चिरायचं काही नाही. चिरलेला टोमॅटो, चिरलेलं कलिंगड, चिरलेली पालेभाजी हे सगळं थंड ठेवणं भाग असलेल्या पदार्थांत मोडतं. मेथी मुळासकट जुडीनं आणा, निवडून पिशवीत भरून नको. भेंडी धुऊ नका, ओली भेंडी दुपारपर्यंत काळी पडते. अळूच्या पानांना मात्र खालून ओला कपडा लागतो.

हॉल ज्या टाउनशिपमध्ये आहे, तिथल्या आरोग्य खात्याला एकदा फोन करायलाच हवा. प्रसादाच्या जेवणासाठी तात्पुरता परवाना मंडळ काढतंच, त्याच अर्जात स्टॉलचं विचारून घ्या. जॅम विकायचा असेल तर फक्त ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांचाच.

आणि संध्याकाळी उरलेलं कुणी घरी परत नेऊ नये. अॅम्पलहार्वेस्ट नावाची संस्था २००९ मध्ये आपल्याच न्यू जर्सीत सुरू झाली. बागेतलं जास्तीचं पीक जवळच्या फूड पँट्रीपर्यंत (गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या केंद्रापर्यंत) पोचवावं एवढंच तिचं काम. संकेतस्थळावर गाव टाकलं की ताजी भाजी घेणारी पँट्री आणि तिची वेळ कळते. चांगल्या हेतूनं दिलेल्या अन्नाबद्दल देणाऱ्याला १९९६ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षणही आहे. दुधी आणि दोडका दिला तर बरोबर कसा शिजवायचा याची इंग्रजीत एक चिठ्ठी ठेवा. नाहीतर न ओळखल्यामुळे तो तिथेही पडून राहतो.

---

विषय: पुन: स्टॉल – ठरलं
पार्सिपनीहून

काकू, ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आईलाही काकूंचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, लिंबू तर मी घालतेच, सांगायचं राहिलं.

तर असं ठरवतोय. स्टॉलवर अख्खी ताजी भाजी, जुडी आणि वजनावर. ठेचा आणि लोणचं अजिबात नाही. जॅम दोघांकडे परवाना आहे, त्यांचाच. कारल्याच्या काचऱ्या आणि सांडगी मिरच्या विकायच्या नाहीत, पण ताई डीहायड्रेटर आणून कसं करायचं ते दुपारी दाखवतील. आरोग्य खात्याला सोमवारी मी फोन करतो आणि उत्तर लिस्टवर कळवतो. शेवटी जे उरेल ते रविवारी संध्याकाळी पँट्रीत मी आणि प्रिन्स्टन जंक्शनचे दादा पोचवू. दुधी-दोडक्याची चिठ्ठी मराठी शाळेच्या मोठ्या मुलांनी लिहावी असं त्यांच्या शिक्षिकांना विचारतो.

भाजी आणणाऱ्यांनी उत्तरात फक्त भाजी आणि अंदाजे वजन लिहा. भेंडी आतापर्यंत भरपूर जमली आहे. गवार, अळू आणि कढीपत्ता कुणाकडे आहे?